ताटामागचे भांडवल

गिरणगावाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. भोंगे, चाळी, लाल बावटा, शाहिरी, भजनी मंडळे, संप आणि शेवटी जमीनदोस्त झालेल्या गिरण्यांच्या चिमण्या. या सगळ्यात खाणावळ येते ती आठवण म्हणून. धंदा म्हणून तिचा जमाखर्च क्वचितच कुणी मांडतो. माझी उमेदीची वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागात गेली. त्यामुळे भरलेले ताट पाहिले की त्यामागचे भांडवल कुठून आले असेल, हा प्रश्न मला आधी पडतो. निवृत्तीनंतर हाच प्रश्न घेऊन मी जुने अहवाल वाचले, मुंबईतल्या काही वस्त्यांमध्ये हिंडलो आणि या विषयावरचे अलीकडचे संशोधन पाहिले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

प्रश्न जुना असला तरी आजचाही आहे. मागे पडलेल्या वस्तीचे दिवस पालटायचे असतील तर तिथल्याच माणसांच्या छोट्या धंद्यांना हात द्यावा, असे आता सरकार म्हणते, बँका म्हणतात, स्वयंसेवी संस्थाही म्हणतात. हात देणे म्हणजे कर्ज देणे, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा होतो. कर्ज हवेच. पण वस्तीतला धंदा तीन पायांवर उभा असतो : स्वस्त आणि वेळेवर मिळणारे भांडवल, हातात पैसे असलेले गिऱ्हाईक आणि कामाची हक्काची जागा. पहिल्या पायाकडे आपण पन्नास वर्षे लक्ष दिले. दुसऱ्याकडे थोडे दिले. तिसरा पाय मात्र आपण आपल्याच हाताने कापत आलो आहोत, आणि आजच्या पुनर्विकासाच्या घाईत तो पुरताच कापला जाण्याची भीती आहे.

खाणावळीचा हिशेब

गिरणीत काम करणारा माणूस कोकणातून किंवा घाटावरून आलेला असे. बायकामुले गावी. गावकीच्या किंवा भाड्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे खाणावळीत. ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई स्वतःच्या संसाराबरोबर पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करी. नवऱ्याचा पगार पुरत नसे, नवरा आजारी असे किंवा नसेच, म्हणून तिने हा व्याप मांडलेला असे. पहाटे उठून पाणी भरायचे, पहिल्या पाळीचे डबे करायचे, मग दुसऱ्या पाळीची पंगत.

या धंद्याची अडचण त्याच्या वेळापत्रकात होती. जेवणकरी पैसे देई पगार झाल्यावर, महिन्यातून एकदा. बाईला मात्र तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल रोज लागे. म्हणजे महिनाभराचा सगळा खर्च आधी तिच्या अंगावर. तो भागवायचे दोनच मार्ग होते : वाण्याकडची उधारी किंवा सावकार. उधारीवर घेणाऱ्याला वाणी भावही चढा लावी आणि मालही हलका देई. सावकाराकडे डोरले गहाण पडे.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून सोपे आकडे धरू. समजा, वीस जेवणकरी आहेत आणि प्रत्येकजण महिन्याला १०० रुपये देतो. आवक २,००० रुपये. सामानसुमानाचा खर्च १,५०० रुपये. बाईच्या श्रमाचे उरले ५००. पण हे १,५०० रुपये तिने महिना शेकडा दहाच्या व्याजाने उचलले असतील तर त्यातले १५० सावकाराला जातात, हाती राहतात ३५०. तेच दीड हजार बँकेने वर्षाला ४ टक्क्यांनी दिले, तर महिन्याचे व्याज होते ५ रुपये. दीडशे आणि पाच यांच्यातले अंतर म्हणजे मुलाची फी, म्हातारीचे औषध, पावसाळ्यापूर्वीची डागडुजी. बाई तितकीच राबते, भाजी तितकीच शिजते. फरक पडतो तो फक्त भांडवल कुठल्या दाराने घरात आले यामुळे.

चौदा बायका आणि एक बँक

वर धरलेले दीड हजार आणि चार टक्के हे दोन आकडे मी हवेतून घेतलेले नाहीत. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँकेचा पैसा गरिबापर्यंत पोचावा हा त्यामागचा जाहीर हेतू होता. १९७२ मध्ये विभेदी व्याजदर योजना आली आणि अत्यल्प उत्पन्नाच्या माणसाला वार्षिक ४ टक्क्यांनी कर्ज देण्याची सोय झाली. सोय कागदावर झाली. प्रत्यक्षात शाखेच्या दारात उत्पन्नाचा दाखला, जागेचा पुरावा, तारण आणि जामीनदार असे चार पहारेकरी उभे होते. खाणावळवालीकडे यातले एकही नव्हते. तिचा धंदा कुठल्याही दप्तरात नोंदलेला नव्हता.

ही कोंडी गिरणगावात फोडली ती प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. सुरुवातीला चौदा खाणावळवाल्यांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळवून दिले. तारणाच्या जागी बायकांनी एकमेकींची हमी दिली. अर्ज भरणे, बाईची आणि तिच्या धंद्याची खातरजमा करणे, हप्ते वेळेवर जातात की नाही हे पाहणे ही कामे मंडळाने अंगावर घेतली.

बँकेतल्या माणसाच्या नजरेने पाहिले तर या व्यवस्थेचे मर्म माहितीत आहे. शाखाधिकाऱ्याला ठाऊक नसते की अमुक चाळीतल्या अमुक बाईकडे खरोखर किती जण जेवतात, ती पैशाला कशी आहे, नवरा पैसे हिसकावून घेतो का. शेजारणीला हे सगळे ठाऊक असते. शेजारणीची माहिती बँकेच्या उपयोगी पडेल अशी वाट मंडळाने तयार केली. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे नाव पुढे जगभर झाले. पण मुहम्मद युनूस यांचा जोब्रा गावातला प्रयोग १९७६चा आहे. त्याआधी १९७४ मध्ये अहमदाबादेत 'सेवा'च्या सुमारे चार हजार सभासद बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली होती, आणि १९७५ मध्ये गिरणगावात हे काम चालू झाले होते. आपल्याकडच्या या दोन्ही प्रयत्नांची मुळे कष्टकऱ्यांच्या संघटनेत होती. कर्ज हे संघटनेचे एक हत्यार होते. पुढे सूक्ष्मवित्त हा स्वतंत्र उद्योग झाला तेव्हा कर्ज राहिले आणि संघटना बऱ्याच ठिकाणी गळून पडली.

गिऱ्हाईक गेले की

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यातल्या अनेकांना गिरणीचे दार पुन्हा दिसले नाही. संपाचे हिशेब मांडताना आपण गिरणी कामगार मोजतो. पण ज्या महिन्यात पगार झाला नाही त्या महिन्यात खाणावळही बसली. जेवणकरी गावी गेले; जे राहिले त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. त्यापाठोपाठ वाण्याची उधारी थकली, कोळणीची पाटी हलेना, पिठाच्या गिरणीत दळण कमी झाले.

यातून वस्तीच्या अर्थकारणाचा एक साधा नियम दिसतो. गिरणीतून आलेला पगाराचा रुपया वस्तीत अनेक हातांतून फिरत असे : कामगाराकडून खाणावळवालीकडे, तिच्याकडून वाण्याकडे आणि भाजीवालीकडे, तिथून शिंप्याकडे, तिथून मुलाच्या शिकवणीकडे. एकाच रुपयाने चार-पाच घरांत चूल पेटे. वस्ती जिवंत आहे की नाही हे त्यात किती पैसा येतो यावर जितके ठरते, तितकेच तो बाहेर पडण्यापूर्वी किती वेळा फिरतो यावर ठरते. मात्र आत येणारा झराच आटला तर फिरायला काही उरत नाही. सगळीच घरे एकमेकांना वडापाव विकू लागली म्हणून वस्ती श्रीमंत होत नाही.

म्हणून दुसरा पाय महत्त्वाचा : वस्तीबाहेरचे गिऱ्हाईक. अन्नपूर्णाने पुढे कँटीन आणि केटरिंगच्या कामांकडे वळून ते शोधले. याचे सर्वांत यशस्वी उदाहरण मात्र गिरगावातले आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच 'लिज्जत'. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पीठ एके ठिकाणी मळले जाते, बायका ते घरी नेतात, लाटून वाळवून पापड केंद्रावर आणून देतात आणि मजुरी घेऊन जातात. उडदाची खरेदी, दर्जाची तपासणी, वेष्टन, जाहिरात आणि विक्री ही एकट्या बाईला न झेपणारी कामे संस्था करते. बाईकडे तिचे कसब आणि तिची वेळ राहते. स्थानिक उद्योजकतेला आधार देणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही : जे एकटीने होत नाही तेवढे सामाईक करायचे, बाकीचे जिथल्या तिथे राहू द्यायचे.

कर्जाने काय होते, काय होत नाही

छोट्या कर्जाने गरिबी हटते हा समज एकेकाळी इतका पक्का होता की तो तपासण्याची गरज कुणाला वाटत नव्हती. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये तो तपासला. १०४ वस्त्या घेतल्या आणि त्यातल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या ५२ वस्त्यांत सूक्ष्मवित्त संस्थेने आधी शाखा उघडल्या. मग दोन्ही प्रकारच्या वस्त्यांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला बँकेतल्या अनुभवाशी जुळणारा वाटला. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांनी कर्ज घेऊन तो वाढवला, आणि त्यातही आधीच बरे चाललेल्यांचा नफा वाढला. घरांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, चहा-तंबाखूसारखे खर्च कमी केले. पण घराचा एकूण खर्च ठळकपणे वाढला नाही; आरोग्य, मुलांचे शिक्षण, बायकांचे घरातले स्थान यांत मोठा बदल दिसला नाही.

दुसरा अभ्यास कोलकात्याचा. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी हप्ता कधी सुरू करावा एवढाच प्रश्न घेतला. नेहमीच्या पद्धतीत कर्ज मिळाल्यावर दोन आठवड्यांत पहिला हप्ता येतो. काही बायकांना त्यांनी दोन महिन्यांची सवड मिळवून दिली. या बायकांनी अधिक रक्कम धंद्यात घातली आणि सुमारे तीन वर्षांनी त्यांचा नफाही जास्त निघाला. मात्र त्यांच्यात कर्ज थकण्याचे प्रमाणही वाढले. पंधराव्या दिवशी हप्ता भरायचा असेल तर शहाणी बाई शिलाई मशीन घेणार नाही; चार दिवसांत विकला जाईल असा माल घेईल. म्हणजे वसुली चोख ठेवणारी शिस्तच धंद्याला लहान ठेवते. खाणावळीचे पैसे महिन्याने येतात, कुंभाराचे भट्टी लागल्यावर, पापडवालीचे उन्हाळ्यात. हप्ता धंद्याच्या तालावर बसवायचा की धंदा हप्त्याच्या, हा खरा प्रश्न आहे.

फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत आधी १०,००० रुपये, ते फेडल्यावर २०,००० आणि मग ५०,००० अशी पायरीपायरीची रचना होती. २०२५ मध्ये पहिल्या दोन पायऱ्या १५,००० आणि २५,००० झाल्या. रोज सकाळी उचल घेऊन संध्याकाळी फेडणाऱ्या फळवाल्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. चेन्नईच्या अशा विक्रेत्यांच्या अभ्यासात दिवसाचे व्याज पाच टक्क्यांच्या आसपास आढळले होते. त्या फासातून सुटका होत असेल तर योजना मोलाची आहे. पण त्याच फळवाल्याची हातगाडी महिन्यातून दोनदा उचलून नेली जात असेल, तर स्वस्त कर्जाने वाचलेला पैसा ती सोडवण्यात जातो. इथे तिसऱ्या पायाशी येऊन आपण थांबतो.

जागा

जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शहरांविषयी एक गोष्ट लक्षात आणून दिली : नव्या, छोट्या, अनिश्चित धंद्याला जुनी, कमी भाड्याची इमारत लागते. नव्याकोऱ्या इमारतीचे भाडे ज्याचे बस्तान आधीच बसले आहे त्यालाच परवडते. आपल्या चाळी-झोपड्यांच्या बाबतीत हे आणखी खरे आहे, कारण इथे घर आणि कारखाना वेगळे नसतात. पापड वाळतात ते गच्चीत, डबे भरले जातात ते गॅलरीत, इस्त्रीचे टेबल जिन्याखाली, शिंप्याचे मशीन दारात. धारावीच्या कुंभारवाड्यात अंगणात चाक, जवळच भट्टी आणि वर माणसे राहतात. भाड्याचा वेगळा गाळा घ्यावा लागला असता तर यातले बरेच धंदे जन्मलेच नसते. फुकटची किंवा जवळपास फुकटची जागा हे त्यांचे पहिले भांडवल, आणि ते कुठल्याही बँकेने दिलेले नाही.

पुनर्विकासात घर मोठे होते, स्वतःचे शौचालय मिळते, पावसात गळत नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबाचा आनंद खरा आहे आणि तो नाकारण्याचा अधिकार कुणाला नाही. पण नवी इमारत घर तेवढे मोजते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत पात्र व्यावसायिक गाळ्याला २२५ चौरस फुटांपर्यंत जागा मोफत मिळते. कागदावर केवळ घर म्हणून नोंदलेल्या खोलीतला धंदा मात्र मोजणीत येत नाही. सोळाव्या मजल्यावर मातीची भट्टी लागत नाही. जिथे तळमजला गाड्यांना जातो तिथे दाराशी गिऱ्हाईक येत नाही. देखभालीचा मासिक खर्च सुरू होतो तेव्हाच कमाईचे साधन गेलेले असते. १९७०च्या दशकात खाणावळवालीचा धंदा बँकेच्या दप्तरात नव्हता. आज तो नकाशात नाही. तेव्हा त्याची किंमत वाढीव व्याजाने मोजावी लागली, आता ती धंदाच गमावून मोजावी लागेल.

गिरण्यांच्या जमिनीबाबत ही संधी आपण एकदा घालवली आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाच्या नियमानुसार या जमिनींचा साधारण एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला असे सूत्र होते. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या भागापुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मुळातल्या त्रिभाजनातही कामाच्या जागेसाठी वेगळा वाटा नव्हता, याकडे त्या वेळच्या वादात फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

रस्त्यावरच्या जागेसाठी कायदा आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के निवडून आलेले विक्रेते, त्यांत एक तृतीयांश बायका, आणि सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कुणालाही न हटवण्याची तरतूद केली. कायद्याची अंमलबजावणी ठिकठिकाणी रेंगाळली आहे. पण तत्त्व महत्त्वाचे आहे : धंद्याला जागा लागते, आणि ती कुठे असावी हे ठरवताना धंदा करणाऱ्याचे मत मोजले पाहिजे.

पुढे काय

एक इशारा आधी. वस्तीतला प्रत्येकजण उद्योजक नसतो. पुष्कळांनी धंदा काढलेला असतो तो नोकरी मिळाली नाही म्हणून, आणि बरी नोकरी मिळाली तर ते आनंदाने गाडी विकून टाकतील. शिवाय धंद्याला उत्तेजन दिले की पाणी, गटार, दिवाबत्ती या पालिकेच्या कामांतून सुटका झाली, असेही होता कामा नये. पहाटे तीनला पाण्यासाठी उठणाऱ्या बाईला उद्योजकतेचे प्रमाणपत्र देण्यापेक्षा नळाला पाणी आणणे हीच तिच्या धंद्याला मोठी मदत आहे.

हे लक्षात ठेवून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, हप्त्याची तारीख धंद्याप्रमाणे ठरवावी आणि सुरुवातीला सवड द्यावी. त्याने थकबाकी थोडी वाढेल. ती सोसण्यासाठी हमीनिधी ठेवावा, कारण नफाही त्याच वाटेने येतो. दुसरी, वस्तीबाहेरचे गिऱ्हाईक जोडून द्यावे. सरकारी कार्यालये, शाळा, इस्पितळे रोज जेवण आणि फराळ विकत घेतात, गणवेश शिवून घेतात. या खरेदीतला ठरावीक वाटा त्याच प्रभागातल्या बचत गटांना दिला आणि त्यांचे बिल महिन्याच्या आत चुकते केले, तर अनुदानापेक्षा अधिक काम होईल. बिल सहा महिने रखडले की गट पुन्हा सावकाराच्या दारात जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत तातडीची. कुठल्याही चाळीचा किंवा झोपडपट्टीचा पुनर्विकास करारापर्यंत येतो तेव्हा माणसे आणि खोल्या मोजल्या जातात. त्याच वेळी धंदेही मोजावेत : कोण काय करते, कुठे करते, किती जागा आणि किती पाणी लागते, माल कुठून येतो, कुठे जातो. त्यानुसार नव्या इमारतीत सामाईक स्वयंपाकघर, वाळवणाची गच्ची, तळमजल्यावर कमी भाड्याचे छोटे ओटे यांची जागा नकाशावर दाखवावी आणि करारात लिहून घ्यावी. करारावर सह्या होण्याआधी रहिवाशांच्या सर्वसाधारण सभेत ही मागणी करता येते. सह्या झाल्यावर ती कुणी ऐकत नाही. ज्यांच्या सोसायटीची किंवा चाळीची अशी सभा येत्या वर्षात आहे, त्यांनी कार्पेट एरियाबरोबर हा प्रश्नही विषयपत्रिकेवर घालावा.